लंडनमधील ‘ग्रँड फायनल’ : हंगामाचा निर्णय एका दुपारी

मेलबर्नमध्ये १८५९ साली ज्याचे नियम प्रथम लिहिले गेले, तो ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल लंडनमध्ये १९९० पासून साखळी स्वरूपात खेळला जात आहे. खेळाडू हौशी असून त्यांत ऑस्ट्रेलियनांसह स्थानिक तरुणांचाही समावेश असतो. मायदेशी हिवाळ्यात रंगणारा हा खेळ येथे उन्हाळ्यात होतो.

पूर्ण स्वरूपाच्या सामन्यात लंबगोल मैदानावर प्रत्येक संघाचे १८ खेळाडू उतरतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू पायाने मारून पार केल्यास ६ गुण मिळतात. मधल्या व कडेच्या खांबांमधून गेल्यास केवळ १ गुण मिळतो.

गुणतक्त्यातील अग्रस्थानामुळे विजेतेपद मिळत नाही. अग्रस्थानावरील संघालाही अंतिम सामना जिंकावाच लागतो. साहजिकच अनेक महिन्यांची मेहनत एका दुपारी पणाला लागते. हौशी क्लबसाठी ही कसोटी अधिक कठीण असते. मुदतीच्या व्हिसावर आलेले अनेक ऑस्ट्रेलियन खेळाडू पुढील हंगामापूर्वीच मायदेशी परततात. त्यामुळे पराभवाची भरपाई करण्याची संधी त्याच संघाला पुन्हा मिळेलच असे नाही. स्थानिक खेळाडू घडवणे क्लबसाठी म्हणूनच अत्यावश्यक ठरते.