मोटारीची बैठक घरीं काढतांना

पावसाळा लागला म्हणजे मोटार बाळगणाऱ्या घरांतून एक तक्रार हटकून ऐकूं येते: दार उघडलें कीं कुबट वास येतो. आंत झिरपलेलें पाणी गालिच्याखालच्या जाड अस्तरांत मुरून बसतें. वरून पुसल्यानें तें निघत नाहीं. अस्तर नीट वाळवावयाचें तर पुढील बैठका काढणें प्राप्त होतें. 'चार बोल्ट तर सोडावयाचे, त्यांत काय मोठेंसें?' असें गेल्या श्रावणांत माझा पुतण्याही म्हणाला. त्यानें बैठक सोडविली, आड येणारी तार उपटली, आणि काम करतां करतां गाणीं ऐकावींत म्हणून किल्ली फिरविली. समोर तांबडा दिवा लागला. बैठक पुन्हां बसविल्यावरही तो विझेना. तशाच गाडींतून त्यानें चार दिवस बायकोला व मुलीला हिंडविलें! त्या दिव्याचा अर्थ असा कीं, अपघात झालाच तर हवेच्या पिशव्या उघडतील याचा भरंवसा नाहीं. हें कळलें तेव्हां माझ्या अंगावर कांटा आला.

पुतण्याचा समज अगदींच निराधार नव्हता. जुन्या ॲम्बॅसडर गाडींत बैठक म्हणजे केवळ बसावयाचें आसन होतें. आतां तसें राहिलें नाहीं. आपल्या देशांत चालकापुढील हवापिशवी १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली. शेजारच्या प्रवाशापुढील २०२१ सालीं. ह्या दोन्ही बैठकीपासून दूर असतात. परंतु बगलेची पिशवी पुष्कळ गाड्यांत बैठकीच्या पाठीच्या बाहेरील कडेंत, कापडाखालीं घडी करून ठेवलेली असते. धडक बसून विजेचा इशारा मिळाला कीं पापणी लवण्याच्या आंत ती फुगते. धडकेंत बॅटरीच तुटली तर? म्हणून नियंत्रक पेटींत थोडी वीज सांठवून ठेवण्याची सोय केलेली असते.

खरी मेख ह्या सांठ्यांत आहे. किल्ली बंद केली, बॅटरी सोडली, तरी ती वीज त्याच क्षणीं नाहींशी होत नाहीं. म्हणून बॅटरीचें ऋण टोक सोडून थांबावयाचें असतें. कांहीं कंपन्यांच्या पुस्तिकांत दीड मिनिट सांगितलेलें आढळतें, कांहींत अधिक. मी दहा मिनिटें थांबावें म्हणतों. तेवढ्यांत चहा होतो. किल्ली मात्र स्वतःच्या खिशांत असावी, घरांतील मुलांच्या हातीं नव्हे. मग बैठकीखालचा, बहुधा पिवळा असणारा प्लग त्याची खिटी उचलून सोडवावा. तार ओढूं नये, आणि वीज आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तिला दिवा किंवा मापक तर मुळींच लावूं नये.

बोल्टांचें काम त्या मानानें सोपें. बैठक मागें सरकवून पुढचे दोन व पुढें सरकवून मागचे दोन सोडावेत. बैठक विजेवर सरकणारी असेल तर हें बॅटरी सोडण्यापूर्वींच उरकावें, किल्ली लागलीच बंद करावी, आणि प्लग सुटेपर्यंत बैठक उलथूं नये. उचलावयास दोघे असावेत. बैठक दिसते त्याहून जड असते, आणि खालच्या रुळांच्या कडा धारदार असतात. उचलतांना सरकविण्याच्या दांड्याला हात लागला तर रूळ निसटून बोटें चेंगरतात. विजेवर चालणाऱ्या गाडींत कोठें नारिंगी जाड तार दिसली तर मात्र पाना खालीं ठेवून कारागिराला बोलवावें.

बसवितांना चारही बोल्ट आधीं हातानें धरवावेत. पुष्कळ गाड्यांत पट्ट्याची कडी बैठकीलाच जोडलेली असते. अपघातांत माणसाचा सारा झोंक ह्या बोल्टांवर येतो. म्हणून अंदाजानें न आवळतां पुस्तिकेंतील मापाप्रमाणें, माप दाखविणाऱ्या पान्यानें आवळावेत. प्लग आधीं, बॅटरी शेवटीं. नंतर किल्ली फिरवितांच तांबडा दिवा कांहीं सेकंद लागून आपोआप विझला पाहिजे. न विझल्यास त्या गाडींत कोणासही न बसवितां कारखान्याच्या माणसाला बोलवावें. पुतण्याच्या गाडीचा दिवा अखेर तेथील यंत्रानें जुनी नोंद पुसल्यावरच विझला.