पेन्सिलीची खूण

रेनॉल्ड जॉन्सन लहानपणी भारी उपद्व्यापी होता. बहिणींना भेटायला येणाऱ्या तरुणांच्या मोटारी दाराशी उभ्या दिसल्या, की तो गुपचूप त्यांच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीच्या रेघा ओढून ठेवायचा. पेन्सिलीच्या शिशात शिसं नसतं, ग्राफाइट असतं आणि त्यातून वीज वाहते. वीज भलत्याच वाटेनं निघून जाई, ठिणगी पडत नसे आणि पाहुणेबुवांची गाडी जागची हलत नसे. पुढे जॉन्सन मिशिगनमधल्या आयर्नवूड गावी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवू लागला, तेव्हा हीच खोडी त्यानं उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामी लावली. १९३४ साली आयबीएम कंपनीनं त्याला नोकरीत घेतलं आणि १९३८मध्ये ‘८०५’ हे यंत्र बाजारात आलं. पेन्सिलीच्या खुणांमधून वाहणारी वीज मोजायची आणि काट्यावर गुण दाखवायचे, एवढंच त्याचं काम. हात बसलेला माणूस त्यावर तासाला आठएकशे उत्तरपत्रिका तपासू शके.

अमेरिकेत शाळेतल्या मुलांची एकसारखी परीक्षा घेण्याची हौस मात्र यंत्राआधीची. १८४५ साली बोस्टनमध्ये तोंडी परीक्षेऐवजी छापील प्रश्न आणि लेखी उत्तरं आली. १९१५च्या सुमारास कॅन्ससच्या फ्रेडरिक केलीनं एकच उत्तर बरोबर ठरेल असे पर्यायी प्रश्न रुळवले. तपासणाऱ्याची मर्जी गुणांत उतरू नये, हा हेतू. १९२६मध्ये कॉलेजप्रवेशासाठीची ‘सॅट’ परीक्षा आली. ती लष्करी बुद्धिमापन चाचणीची वंशज. मुलगा काय शिकला यापेक्षा त्याच्यात उपजत काय आहे, हे शोधण्याचा तिचा दावा होता.

या दाव्याला खरा विरोध उभा राहिला तो आयोवात, मक्याच्या शेतांच्या राज्यात. एव्हरेट फ्रँकलिन लिंडक्विस्ट हे आयोवा विद्यापीठातले प्राध्यापक. १९२९ साली त्यांनी राज्यातल्या हायस्कूलांसाठी परीक्षा सुरू केली, तेव्हा तिचं रूप स्पर्धेचंच होतं. वर्तमानपत्रांनी तिला ‘मेंदूंची शर्यत’ म्हटलं. दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे नवल वाटायचं नाही. पण लिंडक्विस्टना निवडक हुशारांत रस नव्हता. वर्गातल्या प्रत्येकाची परीक्षा व्हावी आणि निकाल शिक्षकाच्या उपयोगी पडावा, हा त्यांचा आग्रह. १९४२मध्ये त्यांनी हायस्कूलसाठी जी चाचणीमाला काढली, तिच्यात सनावळ्या घोकून भागत नसे. अनोळखी उतारा द्यायचा, तक्ता द्यायचा आणि शिकलेलं वापरून त्याचा अर्थ लावायला सांगायचं. युद्धामुळे शिक्षण सुटलेल्या सैनिकांना हायस्कूलच्या तोडीचा दाखला मिळवून देणारी ‘जीईडी’ याच घराण्यातली.

प्रत्येकाची परीक्षा घ्यायची, तर तेवढ्या उत्तरपत्रिका तपासायच्या कोणी? तेव्हा लिंडक्विस्टनी स्वतःच यंत्र घडवायला घेतलं. विजेऐवजी प्रकाशानं खुणा टिपणारं ते यंत्र १९५५पासून चालू झालं आणि तासाला हजारोंच्या हिशेबानं कागद गिळू लागलं. आपल्याकडच्या शिष्यवृत्ती परीक्षेत आणि ‘नीट’मध्ये मुलं जे गोल काळे करतात, त्याची कुळी इथवर पोचते. आपले दहावीचे पेपर मात्र अजून शिक्षकच लाल पेनानं तपासतात.

१९५९च्या ७ नोव्हेंबरला लिंडक्विस्ट आणि विद्यापीठाचे कुलसचिव टेड मॅकॅरेल यांची ‘एसीटी’ ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा पहिल्यांदा झाली. सुमारे ७५ हजार मुलं बसली. इंग्रजी, गणित, समाजशास्त्र आणि निसर्गविज्ञान असे चार भाग होते. कॉलेजात जागा मिळते ती नुसत्या बुद्धीवर नाही, हायस्कूलात किती घाम गाळला त्यावर, हे मुलांना परीक्षेतूनच कळावं, असं लिंडक्विस्टचं म्हणणं. माझ्या मते, ‘सॅट’वाल्यांना दिलेलं याहून चोख उत्तर दुसरं नाही. पण यंत्राची अडचण लिंडक्विस्टच्याही परीक्षेला चुकली नाही. बरोबर खूण कुठे, एवढंच त्याला कळतं. मग प्रश्न काढणाऱ्यालाही उत्तर चार-पाच घरांपैकी एकात आधी ठेवून मगच प्रश्न विचारावा लागतो. शिवाय कागद इतके झपाट्यानं तपासले जाऊ लागल्यावर निकाल शिक्षकाच्या टेबलावर थांबतो कशाला? तो प्रवेशाच्या खिडकीकडे धावला. २०१२मध्ये ‘एसीटी’ला बसणाऱ्यांनी ‘सॅट’ला मागे टाकलं.

लिंडक्विस्ट १९७८ साली गेले. त्यांच्या यंत्राभोवती वाढलेलं मापन केंद्र त्याआधीच, १९६८मध्ये, विकलं गेलं होतं आणि हातोहाती फिरत अखेर पिअरसन कंपनीकडे पोचलं. ‘एसीटी’ घेणारी ना-नफा संस्था २०२४मध्ये लॉस एंजेलिसच्या एका गुंतवणूक कंपनीनं घेतली. पुढच्याच वर्षी परीक्षा आखूड झाली आणि विज्ञानाचा भाग ऐच्छिक ठरला. तक्ते, आलेख आणि प्रयोगांची वर्णनं वाचून अर्थ लावायला लावणारा भाग तोच.