जुना सीडी प्लेयर : भंगारात टाकण्यापूर्वी

आयसेलिन-एडिसनच्या पुष्कळ मराठी घरांत बेसमेंटच्या कोपऱ्यात एक काळा, रुंद डबा असतो. त्याच्यावर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आणि शेजारी सीडींचे दोन खोके. काही सीडी ओक ट्री रोडवर किराण्याबरोबर घेतलेल्या, काही पुण्याहून अलूरकरांकडून आणलेल्या, काही कुणी कुणी भेट दिलेल्या. डबा चालत नाही, किंवा चालतो पण ‘पूर्वीसारखा वाजत नाही’. मग एक दिवस मुलं म्हणतात, “बाबा, हे सगळं फोनवर आहे,” आणि डबा कर्बवर जातो.

आम्ही तीन-चार मित्र, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरवाले, शनिवारी असे डबे उघडून बसतो. त्यातून आमचं जे मत बनलंय ते इथे मांडतोय. (तसाही हा परिसर या उद्योगाला पवित्रच! एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला तो मेन्लो पार्कला, म्हणजे आपल्या ओक ट्री रोडपासून गाडीने काही मिनिटांवर.)

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून ठरवलेल्या मापांवर पहिला प्लेयर १९८२ मध्ये बाजारात आला. आवाजाची सेकंदाला ४४,१०० मापं घ्यायची आणि प्रत्येक माप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर लिहायचं. प्लेयरचं काम याच्या उलट. लेझरने आकडे वाचायचे, एका चिपने त्यांची पुन्हा विजेची लाट करायची, ती लाट साफ करून, जरा बळ देऊन अँप्लिफायरकडे धाडायची. गंमत म्हणजे फिलिप्सच्या सुरुवातीच्या प्लेयरमधली चिप १४ बिटांचीच होती. आकडे चौपट वेगाने पाठवून त्यांनी ती उणीव भरून काढली. पुढे १९८५ च्या सुमारास त्यांची १६ बिटांची टीडीए १५४१ आली. तिच्यावर शौकीन मंडळी आजही जीव टाकतात. इथे अमेरिकेत फिलिप्सचे प्लेयर मॅग्नाव्हॉक्स नावाने विकले जात. तेव्हा गराज सेलमध्ये ते नाव दिसलं तर नाक मुरडू नका.

आता ‘अपग्रेड’. आमचा पहिला नियम असा की आधी दुरुस्ती, सुधारणा नंतर. ट्रे उघडत नसेल तर दहातल्या आठ वेळा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. नवा पट्टा काही डॉलरांत मिळतो. सीडी अडखळत असेल तर लेझरच्या भिंगावर धूळ असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचा बोळा, हलक्या हाताने, बस्स. ज्या दांडीवर लेझर सरकतो तिथलं वाळलेलं ग्रीस पुसून नवं लावायचं. एवढ्यावर पुष्कळ प्लेयर जिवंत होतात. मात्र प्लेयर चालू असताना भिंगात डोकावू नका. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. तो दिसत नाही म्हणजे इजा करत नाही असं नाही.

भारतातून आणलेला प्लेयर असेल तर आणखी एक गोष्ट. तिकडे २३० व्होल्ट, इकडे १२०. तिकडचा प्लेयर इथल्या भिंतीत लावला तर जळत नाही, पण अर्धपोटी राहतो. ट्रे कण्हत उघडतो आणि सीडी वाचली जात नाही. काही मॉडेलना मागच्या बाजूला व्होल्टेजचा खटका असतो. तो नसेल तर स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घ्या. ५० हर्ट्झ की ६० याची मात्र चिंता नको. सीडी फिरवणारी मोटर डीसीवर चालते, तिचा वेग भिंतीतल्या विजेवर ठरत नाही.

खरा फरक पडतो तो कपॅसिटरमुळे. वीजपुरवठ्यातले जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तीस-चाळीस वर्षांत आतून वाळतात, गरम भागांजवळचे आधी. घरची ६० हर्ट्झची वीज डीसी करताना १२० हर्ट्झची गुणगुण उरते. चांगला कपॅसिटर ती गिळून टाकतो, वाळलेला गिळत नाही. आता असं बघा, गायक काळी एकमध्ये गातोय, त्याचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर. म्हणजे ही गुणगुण येते खालच्या शुद्ध धैवत आणि कोमल निषाद यांच्या अगदी मधोमध, कुठल्याच रागाची नाही! (भारतात तीच १०० हर्ट्झवर, मंद्र पंचमाच्या किंचित खाली.) तानपुऱ्याची आस गढूळ वाटते ती अशाने. हे कपॅसिटर बदलायला वीस-तीस डॉलर पुरतात. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त घ्यायचे, अधिक-उणे टोकं उलटी लावायची नाहीत, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते म्हणून थोडं थांबून मगच हात घालायचा. सोल्डरिंग कधी केलं नसेल तर यात पडू नका, कुणाला तरी बोलवा.

यापुढचं सगळं हौसेचं. शेवटच्या टप्प्यातल्या ऑप-अँप चिपा बदलून त्यांच्या जागी ओपीए २१३४ सारख्या नव्या लावतात. आम्हीही लावतो. पण नवी चिप वेगवान असते. तिच्या पायांशी ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर नसेल तर ती स्वतःच थरथरू लागते, आणि लोक त्यालाच ‘जिवंत आवाज’ म्हणतात! काही जण डिजिटल फिल्टरच काढून टाकायला सांगतात. त्याने २० हजार हर्ट्झला सुमारे ३ डेसिबेल आवाज कमी होतो. चाळिशी उलटलेल्यांना तिथलं फारसं ऐकूच येत नाही म्हणा, पण मग फिल्टर काढायचा तरी कशाला? दोन मुकुटांची खूण असलेल्या टीडीए १५४१ साठी मोठी किंमत मोजू नका, त्यात नकली माल पुष्कळ आहे.

फरक पडला का, हे तपासताना दोन्ही प्लेयरचा आवाज मीटरने सारखा करून घ्या. एखादा डेसिबेल जास्त असला तरी कानाला तेच ‘जास्त छान’ वाटतं. शिवाय कुठला प्लेयर चालू आहे ते ऐकणाऱ्याला सांगू नका. या कसोटीवर कपॅसिटर बहुतेक वेळा पास होतात, महागड्या चिपा बहुतेक वेळा नापास. आणि स्पष्टच सांगायचं तर प्लेयरला डिजिटल आउटपुट असेल, तर त्याला शंभर डॉलरचा बाहेरचा डीएसी जोडणं हे या साऱ्या खटपटीपेक्षा सरस ठरतं.

मग एवढी खटपट का? कारण ‘सगळं फोनवर आहे’ हे खरं नाही. गीतरामायण फोनवर मिळेल, पण कुणाच्या दिवाणखान्यातली बैठक, मंडळाचा एखादा जुना कार्यक्रम, आजोबांनी म्हटलेली आरती, हे कॅसेटवरून उतरवून २००० च्या आसपास घरच्या कंप्यूटरवर जाळलेल्या सीडी-आरवरच आहे. छापील सीडीत खड्डे असतात, या सीडीत रंगाचा थर असतो. ऊन आणि उष्णतेने तो उतरतो, आणि हिटरशेजारच्या खोक्यात ठेवल्या असतील तर आणखी लवकर. जुने प्लेयर या सीडी-आर बऱ्याचदा वाचतात, पण सीडी-आरडब्ल्यू वाचत नाहीत. तिच्यावरून प्रकाश फार कमी परततो, तिला कंप्यूटरचा ड्राइव्हच लागतो. तेव्हा खोका उघडा, मार्करने हाताने नाव लिहिलेल्या सीडी वेगळ्या काढा आणि प्लेयरला हात लावण्याआधी त्यांची कंप्यूटरवर प्रत करा, एमपी३ नव्हे, फ्लॅकमध्ये. ज्या एका ड्राइव्हवर अडतील त्या दुसऱ्यावर लावून बघा, कित्येकदा तिथे वाचल्या जातात.