पिलू रात्री का रडते?

नवे पिलू घरी आले की पहिल्या रात्री कोणाचा डोळा लागत नाही. ते केकाटते, मग कोणी चापट मारतो, कोणी गोठ्यात नेऊन बांधतो. आम्हीही एकदा तेच केले. सकाळी पाहतो तो पिलू बैलाच्या पायाखाली येऊन मेलेले. पुढच्या खेपेला आम्ही पिलू लाकडी पेटीत निजविले. ते कुत्रे आज आमचे शेत राखते.

पिलू हट्टाने रडत नाही. कालपर्यंत ते आईच्या कुशीत, भावंडांच्या उबेत निजत होते. एकटे पडले म्हणजे ते आईला हाक मारते. मारल्याने ते भिते, आणि भित्रे कुत्रे पुढे चावरे होण्याचा संभव असतो. म्हणून आठ आठवडे पुरे होण्याआधी पिलू आईपासून तोडू नये.

पेटी कशी असावी? पिलाला उभे राहता यावे, वळता यावे व पाय पसरून निजता यावे, इतकीच. फार मोठी असली तर ते एका कोपऱ्यात घाण करते व दुसऱ्यात निजते. मोठीच पेटी असेल तर मध्ये फळी घालावी. हवा खेळण्यास फटी हव्यात. खिळ्यांची टोके ठोकून घ्यावीत. खताची गोणी किंवा औषधाचा खोका मुळीच वापरू नये, त्यातले विष पिलाच्या पोटात जाते. आत जुने गोणपाट अंथरावे. पिलू आणतानाच त्याच्या आईच्या अंगाखालचे फडके मागून आणावे. त्या वासाने ते लवकर शांत होते.

दिवसा पेटीचे दार उघडे ठेवून खाणे आतच द्यावे, म्हणजे ती जागा त्याला आपली वाटते. पेटी ही शिक्षा नव्हे; दिवसभर कोंडून ठेवू नये.

रात्रीचे खाणे निजण्याआधी तीन तास द्यावे. भरपूर गाईचे दूध पाजल्यास पुष्कळ पिलांना ढाळ लागते, मग रात्र कशी जाणार? निजण्यापूर्वी बाहेर फिरवून आणावे आणि गळ्यातली दोरी काढावी, नाहीतर ती फटीत अडकून फास बसतो. पेटी पहिले काही दिवस आपल्या अंथरुणाजवळ ठेवावी.

दोन महिन्यांचे पिलू फार तर तीन तास लघवी धरते. तेव्हा मध्यरात्री व पहाटे उठावेच लागते. गाजावाजा न करता बाहेर न्यावे, काम झाले की परत ठेवावे, खेळवू नये. त्यानंतरही कुईकुई केली तर फटीतून बोटे लावून हळू बोलावे, थोडा वेळ थांबावे. दर हाकेला उचलून कुशीत घेतले तर ते तेच शिकते.

बहुतेक पिले आठ-दहा दिवसांत रुळतात. मग पेटी रोज थोडी दूर सरकवीत पडवीत न्यावी. गोठ्यात मात्र ते मोठे झाल्यावरच.

आणि एक विसरू नये. पिलू आणताच जनावरांच्या दवाखान्यात दाखवून जंताचे औषध द्यावे, व तीन महिन्यांचे झाले की पिसाळ रोगाची लस टोचून घ्यावी. घरातली मुले त्याच्याशीच खेळणार आहेत.