निकाहचे फोटो : नवशिक्याने काय शिकावे?

लग्नसराई सुरू झाली की शादीखान्यांत कॅमेरा घेतलेली नवी मुले दिसू लागतात. कुणी कॉलेजात शिकत असतो, कुणी वडिलांच्या दुकानात बसत असतो, आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या घरचे फोटो काढतो. आता मुलीही या कामात येत आहेत आणि जनान्यात त्यांना चांगली मागणी आहे. पहिले काम ओळखीने मिळते, पण ते निभावण्यासाठी तयारी लागते. जेवणाचा फोटो चुकला तर पुन्हा काढता येतो. दुल्हनच्या इजाजतीचा क्षण पुन्हा येत नाही.

आधी कार्यक्रम समजून घ्या

निकाहच्या दोन-चार दिवस आधी घरच्या वडीलधाऱ्यांना भेटा आणि क्रम लिहून घ्या. वकील आणि गवाह दुल्हनची इजाजत कुठे घेणार? खुतबा मशिदीत की हॉलमध्ये? निकाहनाम्यावर सह्या कुठे होणार? पुष्कळदा दुल्हन एका ठिकाणी आणि मजलिस दुसऱ्या ठिकाणी असते. एकटा फोटोग्राफर दोन्हीकडे पोहोचत नाही. मदतनीस घ्यायचा की एक जागा सोडायची, हे आधीच सांगून टाका.

मशिदीत फोटो काढण्यास परवानगी आहे का, हेही विचारा. परवानगी मिळाली तरी खुतबा चालू असताना फ्लॅश उडवू नका आणि नमाज पढणाऱ्यांच्या समोरून जाऊ नका. एका बाजूला बसून मोठ्या लेन्सने काम भागते.

उजेडाची ओळख

नवशिक्याची खरी परीक्षा हॉलच्या दिव्यांत होते. आपल्याकडे विजेचा पुरवठा 50 हर्ट्झचा असल्याने साध्या ट्यूब आणि काही एलईडी सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. शटर फार वेगवान ठेवले की फोटोत आडवे पट्टे येतात. बसलेल्या माणसांसाठी 1/100 सेकंद ठेवून पाहा, पट्टे बहुतेक जातील. चालत्या माणसांसाठी फ्लॅश वापरा. छत पांढरे आणि फार उंच नसेल तर फ्लॅश छताकडे वळवा, उजेड मऊ पडतो. मंडपाचे कापड लाल किंवा हिरवे असेल तर हाच उपाय उलटतो आणि सगळ्यांचे चेहरे रंगीत दिसतात. तिथे दुल्हाला दाराच्या किंवा मोकळ्या बाजूच्या उजेडाकडे बसवा.

पांढरी शेरवानी, काळा बुरखा

कॅमेरा समोरचे सगळे मध्यम राखाडी धरून उजेड मोजतो. म्हणून पांढऱ्या कपड्यांतील मजलिस मळकट येते आणि काळ्या बुरख्यातील स्त्रियांचा फोटो फिका पडतो. पांढरे जास्त असेल तर एक्स्पोजर साधारण एक टप्पा वाढवा, काळे जास्त असेल तर तेवढेच कमी करा. घरी एक पांढरी चादर आणि एक काळी ओढणी टांगून याचा सराव करता येतो.

दोन-तीन रांगांच्या ग्रुप फोटोला ॲपर्चर एफ/5.6 ते एफ/8 ठेवा, नाहीतर मागच्या रांगेतले नानाजी धूसर येतात. आरसी-मुसहफची रस्म असेल तर फोकस आरशाच्या चौकटीवर न धरता आरशातल्या चेहऱ्यावर धरा.

फोटो ही अमानत आहे

आपल्या घरांत सर्वांत नाजूक बाब हीच. काही घरांत दुल्हनचे फोटो फक्त स्त्रीनेच काढावेत अशी अट असते, काही घरांत ते मुळीच नको असतात. कुठलीही अट असली तरी ती बयाना घेण्याआधी स्पष्ट व्हावी. जनान्यात मुलीने फोटो काढले, पण रात्री दुकानात तिच्या भावाने ते कॉम्प्युटरवर उघडले, तर अट पाळली गेली का? फोटो कोण निवडणार, कोण रंग सुधारणार, अल्बम कुठे छापायला जाणार, हे घरच्यांना सांगून ठेवा.

आपली जाहिरात म्हणून कुणाचाही फोटो स्टेटसला किंवा इन्स्टाग्रामवर विचारल्याशिवाय टाकू नका. दुल्ह्याने हो म्हटले तरी दुल्हनची आणि फोटोत दिसणाऱ्या इतर बायकांची संमती वेगळी घ्यावी. जनान्याचे फोटो स्वतंत्र कार्डावर ठेवा. नुसते डिलीट केलेले फोटो परत काढता येतात, म्हणून ते कार्ड दुसऱ्याला वापरायला देऊ नका.

जपणूक आणि सराव

त्याच रात्री सगळे फोटो दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा. शक्य असेल तर एक ड्राइव्ह दुसऱ्या घरी ठेवा. ग्राहकाने आपली प्रत उघडून पाहीपर्यंत कार्ड पुसू नका. निघताना दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या जवळ असाव्यात.

स्वतंत्र काम घेण्याआधी दोन-तीन लग्नांत एखाद्या जाणत्या फोटोग्राफरच्या हाताखाली राहा. रात्री घरच्या ट्यूबच्या उजेडात लहान भावंडांना चालायला लावून फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी कुठला का बिघडला ते पाहा. बटणे न पाहता हाताला सापडू लागली की नजर माणसांवर राहते. मग रुखसतीच्या वेळी कोपऱ्यात डोळे पुसणारे वडीलही तुम्हाला दिसतील.