पीएचडीनंतरची दोन वर्षं आणि सुप्याचं रान

विज्ञानाच्या नकाशावर उत्तर कन्नडातलं सुपा कोणी शोधत नाही. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं जुनं गाव १९८७ साली पूर्ण झालेल्या धरणाच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याची कचेरी जोयड्याला हलली, विस्थापित घरं रामनगरला उभी राहिली. आज सुपा म्हटलं की गणेशगुडीची १०१ मीटर उंच भिंत डोळ्यांपुढे येते. तरी बायोसेन्सरच्या संशोधनाचा आढावा मी इथून घ्यायचं ठरवलं, कारण या विषयात संधी कुठे आहे हे प्रयोगशाळेपेक्षा रानाच्या कडेला लवकर कळतं.

उदाहरण एका तापाचं घ्या. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापानं फणफणली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, त्यातून गोचिडीवाटे पसरणारा नवा विषाणू शोधला. त्यानं होणारा आजार म्हणजे आपला माकडताप. पुढे तो उत्तर कन्नडात रुजला, २०१५ च्या सुमारास गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्गात पोहोचला. काजूचा हंगाम आणि या रोगाचा हंगाम एकच. ज्याला बागेत जावंच लागतं त्याला ताप येतो, आणि पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणू सापडतो तेव्हाच नमुना थंड डब्यातून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

यावरचं उत्तर आपल्याच टापूतून आलं. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं छोटं पीसीआर यंत्र. क्षयरोगाच्या तपासणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं ते २०२० मध्ये मान्य केलं, आणि पुण्याच्या विषाणू संस्थेबरोबर माकडतापाची चाचणीही त्यावर बसवण्यात आली. यंत्रात नखाएवढ्या चिपवर नमुना तापतो, निवतो आणि चमकणाऱ्या रसायनाचा उजेड प्रकाशसंवेदक मोजतो. काटेकोर व्याख्येत याला बायोसेन्सर म्हणणार नाहीत, पण इलेक्ट्रॉनिक्स, प्रकाशशास्त्र आणि जीवशास्त्र एका डब्यात बसवण्याची कसरत तीच आहे.

बायोसेन्सर म्हणजे एक जैविक रेणू, जो नेमकं हवं तेच पकडतो, आणि त्याला चिकटलेला एक यांत्रिक कान, जो त्या पकडीचं विजेत किंवा प्रकाशात रूपांतर करतो. १९६२ साली अमेरिकेत लीलँड क्लार्क यांनी साखर ओळखणारं विकर विद्युताग्रावर बसवून ही वाट काढली. १९८७ मध्ये पेनाएवढं साखरमापक बाजारात आलं आणि आज मधुमेह्यांच्या घरोघरी ती पट्टी दिसते. प्रकाशाची वाट थोडी उशिरा खुली झाली. सोन्याच्या पातळ थरावर प्रकाश पाडून रेणू चिकटल्याची चाहूल घेण्याचं तंत्र १९८३ मध्ये स्वीडनमध्ये मांडलं गेलं आणि १९९० मध्ये त्याचं यंत्र विक्रीला आलं. ते फार महागडं, मोठ्या संस्थांच्या वातानुकूलित खोलीत राहणारं.

आपल्याकडे या दोन्ही वाटांवर नावाजलेलं काम आहे. पवईत आयआयटी मुंबईत सौम्यो मुखर्जी यांच्या गटानं यू आकारात वाकवलेल्या प्रकाशतंतूंवर बराच काळ काम केलं. वाकवल्यानं तंतूबाहेर डोकावणारा प्रकाश वाढतो आणि पृष्ठभागावर चिकटलेला रेणू अधिक स्पष्ट कळतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले नवकांत भट यांना २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार बायोसेन्सरवरच्या कामाबद्दल मिळाला. त्यांच्या कामातून पाथशोध ही कंपनी निघाली. गोव्यात बिट्स पिलानीच्या संकुलात सुनील भांड यांनी दुधातल्या अफ्लाटॉक्सिनसारख्या विषांवर सेन्सर केले. दूध हा आपल्या ओळखीचा प्रश्न असल्यानं मला हे काम विशेष जवळचं वाटतं.

मग पीएचडी झालेल्यानं काय करावं? राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप, जी आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आहे, दोन वर्षांची असते. वयाची मर्यादा ३५, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग व दिव्यांगांना पाच वर्षांची सवलत. जीवशास्त्राकडे झुकणाऱ्यांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची रिसर्च असोसिएटशिप आहे. इन्स्पायर फॅकल्टी ३२ व्या वर्षापर्यंत मिळते आणि पाच वर्षं टिकते, म्हणून ती पोस्टडॉकपेक्षा स्वतःचं बस्तान बसवण्याची योजना म्हणावी. पण या आकड्यांमागचा एक प्रश्न दुर्लक्षित राहतो. वयाची रेषा ओढणाऱ्यांनी मुलाबाळांसाठी थांबलेल्या बाईची वर्षं हिशेबात धरली, पण पाचच. ते अपुरं आहे, असं माझं मत आहे.

परदेशाची वाटही नीट ठाऊक असावी. जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप पीएचडीनंतर चार वर्षांत मागावी लागते. युरोपची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक आठ वर्षांपर्यंत खुली असते, मात्र ज्या देशात जायचं तिथं गेल्या ३६ महिन्यांत १२ पेक्षा जास्त महिने राहिलेलं चालत नाही. आपल्याकडची खरी वहिवाट मात्र वेगळी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर पीएचडी करून पोस्टडॉकला दक्षिण कोरियात जाण्याची परंपराच पडली आहे. तिथून शोधनिबंध भरपूर येतात, परतीची नोकरी मात्र भरवशाची नसते.

गावच्या विद्यापीठात चिप बनवायची सोय नाही, ही सबब आता फारशी चालत नाही. आयआयटी मुंबई आणि भारतीय विज्ञान संस्थेतल्या स्वच्छ खोल्या (क्लीन रूम) नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या वापरकर्ता कार्यक्रमातून बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या धारवाड आणि गोव्याच्या आयआयटी सुप्याच्या दोन्ही अंगांना आहेत. अजून तरुण संस्था असल्यानं तिथं मार्गदर्शकाचा वेळ मिळण्याची शक्यता जास्त. पुढे उपकरण बाजारात न्यायचं असेल तर जैवतंत्रज्ञान विभागाच्या बायरॅकची बिग ही आर्थिक मदत १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत असते, आणि पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर अशा मंडळींना आधार देतं.

पण आता कडू गोष्ट. बहुतेक बायोसेन्सर प्रबंधातच संपतात. प्रयोगशाळेतल्या शुद्ध द्रावणात चालणारा सेन्सर रक्ताचा थेंब पडताच गोंधळतो, कारण रक्तातली इतर प्रथिनं पृष्ठभागावर बसतात. जोयड्याच्या पावसाळ्यात विकराची पट्टी ओल धरते, अँटीबॉडी खराब होते, प्रकाशमापकाचं शून्य सरकतं. हे छापलेल्या आलेखात दिसत नाही. पोस्टडॉकनं नेमकं हेच काम घ्यावं, असं मला वाटतं. सेन्सर अधिक संवेदनशील करणारे खूप आहेत, त्याला ओलीत आणि उन्हात टिकवणारे कमी.

दुसरी अडचण सुरक्षेची. माकडतापाचा जिवंत विषाणू हाताळायला पुण्यात पाषाणला आहे तशी वरच्या दर्जाची बंदिस्त प्रयोगशाळा लागते. एकट्या इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्याला ते जमणार नाही. म्हणून अर्जाआधी विषाणूतज्ज्ञ, एखादा प्रकाशशास्त्रज्ञ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर, या तिघांशी बोलावं. डॉक्टर सांगतो की त्याला निकाल किती वेळात हवा, वीज किती वेळ जाते, नमुना कोण घेतं. अशा तपशिलांनी भरलेलं दोन पानी टिपण फेलोशिपच्या अर्जाला मोठमोठ्या शब्दांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

तुमच्या पीएचडीला अजून वर्ष बाकी असेल तर हे टिपण आत्ताच लिहायला घ्या, कारण पदवी हाती येईपर्यंत बहुतेक योजनांची पहिली तारीख निघून गेलेली असते.