बिस्किटांचा पुडा आणि खरी कमाई

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिकेत जानेवारी ते एप्रिल या दिवसांत वाणसामानाच्या मोठ्या दुकानांच्या दाराशी एक घडीचं टेबल मांडलेलं दिसतं. टेबलावर रंगीत पुठ्ठ्याचे पुडे रचलेले, त्यांच्यामागे गणवेशातल्या दोन-तीन मुली आणि शेजारी खुर्चीवर कुणाची तरी आई. येणाऱ्या-जाणाऱ्याला मुली विचारतात, ‘‘कुकीज घेणार का?’’ आणि एरवी गोडाला हात न लावणारी माणसंही थांबतात, पाकीट बाहेर काढतात. कुकी म्हणजे आपलं बिस्किटच. या बिस्किटांना ‘गर्ल स्काऊट कुकीज’ म्हणतात. वर्षाकाठी असे सुमारे २० कोटी पुडे विकले जातात आणि ही उलाढाल ८० कोटी डॉलरच्या घरात जाते. ती करतात पाच ते अठरा वर्षांच्या मुली!

मी बरीच वर्षं शाळेत शिकवलं आणि गाईड कॅप्टन म्हणूनही काम केलं. आपल्याकडे स्काऊट-गाईडच्या मुलांना ‘खरी कमाई’ हा उपक्रम असतो. मुलांनी स्वतः काम करून किंवा काही विकून चार पैसे मिळवायचे आणि ते पथकाच्या कामाला लावायचे. त्यामुळे मुलीकडे न्यू जर्सीला राहायला गेले, तेव्हा माझे पाय त्या टेबलाशी थबकले यात नवल नाही. ही बिस्किटं आली कुठून, त्यांचा पैसा जातो कुठे आणि मुलींच्या पदरात नेमकं काय पडतं, हे आज सांगायचं आहे.

अमेरिकेत ही चळवळ जुलिएट गॉर्डन लो या बाईंनी १२ मार्च १९१२ रोजी सव्हाना या गावी सुरू केली. पहिल्या दिवशी मुली होत्या अठरा. आपण ज्यांना गाईड म्हणतो, त्यांना तिथे गर्ल स्काऊट म्हणतात. बिस्किटांची गोष्ट पाच वर्षांनी सुरू होते. १९१७ साली पहिलं महायुद्ध चालू होतं. ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावच्या ‘मिसलटो’ नावाच्या पथकाने घरी बिस्किटं भाजली आणि शाळेच्या उपाहारगृहात विकली. आलेल्या पैशांतून सैनिकांना भेटी पाठवायच्या होत्या.

पुढे १९२२ च्या जुलैमध्ये या संघटनेच्या ‘द अमेरिकन गर्ल’ मासिकात शिकागोच्या फ्लॉरेन्स नील यांनी बिस्किटांची कृती दिली. एक कप लोणी, एक कप साखर, दोन अंडी, दोन कप मैदा, थोडं दूध, व्हॅनिला, मीठ आणि बेकिंग पावडर. पीठ तासभर गार ठेवायचं, लाटायचं, कापायचं, वरून साखर भुरभुरायची आणि भाजायचं. अंडी सोडली तर आपल्या नानकटाईची लांबची बहीणच! पण मला त्या कृतीपेक्षा तिच्यासोबतचा हिशेब जास्त आवडतो. सहा-सात डझन बिस्किटांच्या सामानाला २६ ते ३६ सेंट लागतात, ती डझनाला २५ ते ३० सेंटने विकावीत, असं नील यांनी सुचवलं होतं. म्हणजे सहा डझनांचे कमीत कमी दीड डॉलर आले आणि सामानाचे जास्तीत जास्त ३६ सेंट गेले, तरी १ डॉलर १४ सेंट उरतात. नफा भरघोस दिसतो. मात्र त्यात आईची भट्टी, तिचं सरपण आणि तिचे हात फुकट धरलेले आहेत. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे त्याच्याकडे वळायचं आहे.

मागणी वाढली तशी घरची भट्टी अपुरी पडू लागली. १९३३ साली फिलाडेल्फियाच्या मुलींनी शहरातल्या गॅस आणि वीज कंपनीच्या दर्शनी खिडक्यांत बिस्किटं भाजून विकली. ४४ बिस्किटांचा पुडा २३ सेंटला. दुसऱ्याच वर्षी तिथल्या शाखेने बेकरीकडून बिस्किटं करून घ्यायला सुरुवात केली. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या शाखेने त्रिदलाच्या आकाराचा साचा घेतला आणि पुड्यावर ‘गर्ल स्काऊट कुकीज’ हे नाव घातलं. त्रिदल म्हणजे तीन पानांची खूण. गाईडच्या वचनाचे तीन भाग ती दाखवते. आपल्या भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या चिन्हातही हे त्रिदल आहे. १९३६ पासून राष्ट्रीय संघटना बेकऱ्यांना रीतसर परवाने देऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात साखर, मैदा आणि लोणी मिळेनासं झालं, तेव्हा मुलींनी बिस्किटांऐवजी दिनदर्शिका विकल्या. युद्धानंतर, १९४८ साली, परवाना असलेल्या बेकऱ्या २९ झाल्या होत्या. आज उरल्या आहेत फक्त दोन.

या दोन बेकऱ्यांमुळे एक गंमत झाली आहे. एकाच बिस्किटाला दोन गावांत दोन नावं! खोबरं, कॅरॅमल आणि चॉकलेटचं जे कडं एका गावी ‘समोआ’ म्हणून मिळतं, ते दुसऱ्या गावी ‘कॅरॅमल डीलाइट’ होतं. शाखेने कोणत्या बेकरीशी करार केला आहे, त्यावर ते ठरतं. सगळ्यांत लाडकं बिस्किट म्हणजे ‘थिन मिंट’. पातळ, कुरकुरीत, पुदिन्याच्या जातीच्या पेपरमिंटचा गारवा आणि वरून चॉकलेटचा लेप. कित्येक घरांत त्याचे पुडे बर्फाच्या कप्प्यात ठेवतात आणि गारेगार खातात. समोआतलं भाजकं खोबरं आपल्या जिभेला ओळखीचं वाटतं. ‘टॅगलाँग’ म्हणजे बिस्किटावर शेंगदाण्याचं लोणी आणि त्यावर चॉकलेट. ‘डू-सी-डू’मध्ये ओटच्या दोन चकत्यांत तेच शेंगदाण्याचं लोणी असतं. आणि ‘ट्रेफॉइल’ म्हणजे साधं, लोणीदार, त्रिदलाच्या खुणेचं बिस्किट. चहाबरोबर मला तेच आवडलं. आमच्या जावईबापूंचं मत अर्थातच थिन मिंटला.

आता पैशाकडे येऊ. पुड्याची किंमत स्थानिक शाखा ठरवते. ढोबळमानाने सांगायचं तर किमतीतला पाव ते एक तृतीयांश भाग बेकरीला जातो. मुलींच्या पथकाच्या हाती दहा ते वीस टक्के पडतात. उरलेला वाटा शाखेकडे राहतो. त्यातून शिबिराच्या जागा, कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, गरजू मुलींना मदत असा खर्च चालतो. म्हणजे सहा डॉलरच्या पुड्यामागे पथकाला मिळतो साधारण एक डॉलर. मुलीने शंभर पुडे विकले तरी तो पैसा तिच्या एकटीचा होत नाही, पथकाचा होतो. तो शिबिराला लावायचा, सहलीला की गावातल्या एखाद्या कामाला, हे मुलींनी मिळून ठरवायचं.

संघटना म्हणते की या विक्रीतून मुली पाच गोष्टी शिकतात. ध्येय ठरवणं, निर्णय घेणं, पैसा सांभाळणं, माणसांशी बोलणं आणि व्यवहारात सचोटी राखणं. कागदावर सगळंच छान असतं. म्हणून मी त्या दुकानाच्या दाराशी अर्धा तास उभी राहून पाहिलं. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीकडून एका आजोबांनी तीन पुडे घेतले आणि मोठी नोट दिली. मुलीने बोटांवर हिशेब केला. आई खुर्चीवर होती, तिला उत्तर येत होतं, पण ती बोलली नाही. मुलीने मोड मोजून दिली, पुन्हा मोजली आणि मगच ‘थँक यू’ म्हणाली. नंतर आलेल्या बाई ‘मला मधुमेह आहे’ म्हणून निघाल्या. त्यावर मुलगी म्हणाली, ‘‘मग सैनिकांसाठी एक पुडा द्याल?’’ अशी सोय तिथे आहे. आपण पैसे द्यायचे, पुडा सैनिकांकडे किंवा अन्नछत्राकडे जातो. १९१७ सालचा मूळ हेतू असा अजून जिवंत आहे.

दुसरी बाजूही आहे. कित्येक घरांत मागणीचा कागद आई किंवा बाबा कचेरीत घेऊन जातात आणि सहकारी भिडेपोटी सह्या करतात. मुलगी कुणाच्या दारात जात नाही, नकार ऐकत नाही. पुडे खपतात, बक्षिसं मिळतात. शिकणं मात्र राहून जातं. शिवाय ज्यांच्या आईबापांची कचेरी मोठी, त्यांची विक्री मोठी. २०१४ च्या अखेरीस इंटरनेटवरूनही विक्री सुरू करण्याची घोषणा झाली, तेव्हापासून हा प्रश्न अधिकच टोकदार झाला आहे. धोकाही खरा असतो. २०२१ मध्ये करोनामुळे टेबलं लागली नाहीत आणि सुमारे दीड कोटी पुडे पडून राहिले. खाण्याचा माल तो, पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही.

आणि तरीही हीच विक्री मुलींना प्रश्न विचारायलाही शिकवते. मिशिगन राज्यातल्या दोघी मुली २००७ मध्ये एका प्रकल्पासाठी ओरांगउटानचा अभ्यास करत होत्या. पामतेलाच्या लागवडीसाठी त्या वानरांची जंगलं तोडली जातात, हे त्यांना कळलं. मग त्यांनी आपल्याच बिस्किटांच्या पुड्यावरची यादी वाचली, तर त्यात पामतेल! त्यांनी ही बिस्किटं विकायचं थांबवलं आणि संघटनेला पत्रं लिहिली, सह्या जमवल्या. अखेर २०११ मध्ये संघटनेला पामतेलाविषयी धोरण जाहीर करावं लागलं. स्वतः विकतो त्या मालात काय आहे, हे पाहणं हीसुद्धा सचोटीच.

हा उद्योग एकट्या अमेरिकेचा नाही. कॅनडात १९२७ साली रेजायना शहरातल्या एका गाईड शिक्षिकेने गणवेश आणि शिबिराच्या सामानासाठी बिस्किटं भाजली, तिथून त्यांची प्रथा पडली. न्यूझीलंडमध्ये १९५७ पासून साठ वर्षांहून अधिक काळ गाईडची बिस्किटं विकली गेली. आता ती बंद झाली आहेत. ब्रिटनमध्ये १९४९ पासून स्काऊट मुलं घरोघरी जाऊन एका शिलिंगात एक काम करून देत. बागेतलं गवत काढ, बूट पुसून दे. आपली खरी कमाई याच जातीची.

आपल्या शाळांतून खरी कमाईच्या दिवशी भेळ, वडापाव, सरबत, चिक्की असे स्टॉल लागतात. मैदान फुलून जातं. पण बहुतेक ठिकाणी भेळेची चटणी आईने वाटलेली असते, बटाटे आईने उकडलेले असतात आणि गल्ल्यात आलेली सगळी रक्कम ‘कमाई’ म्हणून फळ्यावर लिहिली जाते. म्हणूनच १९२२ च्या त्या हिशेबाकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं. आमच्या गाईड पथकात मी वहीत तीन रकाने आखायला लावायची. विक्री, सामान आणि उरले ते. भेळेचे एका वर्षी ६४० रुपये आले, सामानाला ४५५ गेले होते. उरले १८५. मुलींचे चेहरे उतरले. मग एकीने विचारलं, ‘‘बाई, गॅसचे धरायचे का?’’ दुसरी म्हणाली, ‘‘आणि आईचे?’’ त्या दिवशी मुलींना भांडवल, नफा आणि श्रमाचं मोल हे तिन्ही धडे एकदम मिळाले. पुढच्या वर्षी कांदे त्यांनीच चिरले.

काटकसर हा स्काऊट-गाईडच्या नियमांतला एक नियम आहे. काटकसर म्हणजे नुसतं कमी खर्चणं नव्हे, तर रुपया येतो कसा आणि जातो कुठे, हे माहीत असणं. त्यासाठी करोडोंची उलाढाल लागत नाही.

तेव्हा यंदा तुमच्या दारात कुणी मुलगा-मुलगी पुडा, पणती किंवा राखी घेऊन आली, तर आईबापांशी बोलू नका, मुलाशी बोला. किंमत विचारा, कशासाठी पैसे जमवता आहात ते विचारा. सुटे असले तरी मोठी नोट द्या आणि मोड मोजेपर्यंत शांत उभे राहा. घ्यायचं नसेल तर नीट, हसून ‘नको’ म्हणा. तो नकारही त्या मुलाच्या कमाईतलाच आहे.